तळाचा डोळा

खाण बंद पडून इतकी वर्षं झाली की फाटकावर चढलेल्या वेलीचं खोड मनगटाएवढं झालं. पण दिवेवाली हे नाव काही सुटलं नाही. तिच्या खऱ्या नावानं हाक मारणारा एकच माणूस होता आणि तो पाण्याखाली होता. बाकी सगळ्यांना ती दिवेवालीच.

उमेदीची सगळी वर्षं तिनं खाणीच्या लॅम्परूममध्ये काढली. पाळीवर जाणाऱ्याला भरलेल्या बॅटरीचा दिवा द्यायचा, त्याचा पितळी बिल्ला घेऊन खिळ्याला अडकवायचा. माणूस वर आला की दिवा घ्यायचा, बिल्ला परत करायचा. काम एवढंच. आणखी एक काम होतं, जे तिला कुणी सांगितलं नव्हतं पण तिच्याआधीच्या बायकाही करत आल्या होत्या. खाणीत उतरायची जी उभी विहीर, शाफ्ट, तिच्यातली घंटेची तार वरचेवर तुटायची. पाळी वर यायला उशीर झाला आणि तार मुकी असली, की लॅम्परूमची बाई शाफ्टच्या तोंडाशी जायची, दिवा खाली धरायची आणि हात लांब करून सावकाश झुलवायची. तळाशी वर नेणाऱ्या पिंजऱ्याची वाट बघत उभ्या असलेल्यांना वर एक ठिपका हलताना दिसायचा. वर कुणीतरी जागं आहे, एवढाच त्याचा अर्थ.

तिचा नवरा खाणीत सुरुंगवाला होता. एक पेटवणारी, एक उडवणारा. यांच्या घरी चूल पेटवताना शेजाऱ्यांनी बाहेर पळावं, अशी लोक चेष्टा करायचे. तोही हसायचा, मान मागं टाकून, मागं भिंत आहे हे विसरून. डोकं आपटलं की आणखी हसायचा.

मग एका दुपारी जुन्या, सोडून दिलेल्या गॅलरीची, म्हणजे बोगद्याची, भिंत फुटली आणि पलीकडं साठलेलं पाणी आत घुसलं. बहुतेक जण वर आले. सुरुंगवाला आणि त्याच्यासोबतचे चौघे आले नाहीत. दिवेवालीनं त्या दिवशी खांदा सुजेपर्यंत दिवा झुलवला. कंपनीनं पंप लावले, पंप जळाले, पाणी जिथल्या तिथं राहिलं. शेवटी कंपनीनं पाच घरांना शब्द दिला, आज जमत नाही, पण पुढं पाणी उपसून माणसं वर काढू. आणि तुम्ही पाचही घरं ‘राहू द्या’ म्हणत नाही तोवर शाफ्टचं तोंड बुजवणार नाही. शब्द द्यायला काय लागतं! एकेक घर थकत गेलं. कुणी गाव सोडलं, कुणी दुसरं लग्न केलं, कुणी मेलं. चार घरांनी ‘राहू द्या’ म्हटलं. पाचवं घर दिवेवालीचं.

तिची मुलगी तेव्हा शाळेतही जात नव्हती. गोल चेहऱ्याची, कुठंही घरंगळत जाणारी, म्हणून बापानं तिला गोटी म्हटलं. ती गोटी शिकत शिकत कुठल्या कुठं गेली, मोठ्या संस्थेत संशोधक झाली, केसात पांढरं आलं, तरी घरी आली की गोटीच.

एकदा अशीच ती आली ती टॉवेलात काहीतरी गुंडाळून. आई टेबलाशी शेंगा सोलत होती. गोटीनं टॉवेल उघडला. आत काचेचा मोठा कांद्याएवढा गोळा होता, पुढून तांबूस चमकणारा, मागं पितळेच्या पिना.

“हा काय बल्ब?”

“बल्बच्या उलट. बल्ब उजेड देतो, हा घेतो. अंधारात एक कण उजेडाचा आला तरी याला कळतो. दवाखान्यात तपासणीची जुनी मशीनं मोडीत काढतात ना, त्यातून मिळतात.” गोटी पुढं सरकली. “आई, तारा मरतो तेव्हा काय होतं, सांगू?”

“माणूस मरतो तेव्हा काय होतं ते मला ठाऊक आहे. ताऱ्याचं तू सांग.”

गोटीनं सांगितलं. मोठा तारा मरताना आतल्या आत कोसळतो. त्याचा उजेड बाहेर पडायला वेळ लागतो, पण त्याआधीच न्यूट्रिनो नावाचे कण सुटतात. ते भिंतीतून, डोंगरातून, तुझ्यामाझ्यातून आरपार जातात आणि कुणाला पत्ता लागत नाही. कोट्यवधींतला एखादा पाण्यात अडखळतो. तो अडखळला की निळसर ठिणगी पडते.

“माझ्या दिव्याएवढी?”

“तुझा दिवा हत्ती धरला तर ही मुंगी.” गोटी थांबली. “मुंगी पण नाही. मुंगीचा श्वास.”

“आणि असा तारा मरतो कितीदा?”

“आपल्या आसपास? एका आयुष्यात एखादा. किंवा नाहीच. आणि मेला की सगळी खबर काही सेकंदांत येऊन निघून जाते. तेव्हा जागं असावं लागतं.”

“म्हणजे जन्मभर अंधारात बसून कुणाच्या तरी मरणाची वाट बघायची,” आई म्हणाली. “एवढं शिकून हेच शिकलीस होय! हे तर घरी बसून आलं असतं.”

गोटी हसली, पण तिचं सांगणं संपलं नव्हतं. श्रीमंत देश यासाठी डोंगर पोखरतात, पोलादाच्या अवाढव्य टाक्या बांधतात. ते बाकीच्यांना कुठून परवडायचं? गोटीची रचना निराळी होती. टाकी बांधायचीच नाही. बुडालेली खाण घ्यायची. तयार पाणी, तयार अंधार, वर तयार डोंगर. मोडीतले हे काचेचे डोळे जाड काचेच्या बरण्यांत बंद करायचे, दोराला माळेसारखे बांधायचे आणि खाली सोडायचे. ज्याच्याकडं बुडालेली खाण आहे त्या कुणालाही हे जमेल. असे पुष्कळ झाले की कुणी ना कुणी जागं असेलच.

“फक्त पाणी हलवायचं नाही,” ती म्हणाली. “उपसायचं तर नाहीच. कधीच.”

शेंगा सोलणारे हात थांबले. कुठली खाण, हे आईनं विचारलं नाही.

“तिथं तुझा बाप आहे.”

“ठाऊक आहे.”

“ठाऊक असून?”

“आई, कुणी पाणी उपसणार नाहीये. कंपनीकडं पंपसुद्धा उरला नाही.”

“शब्द उरलाय.”

गोटीनं टॉवेल गुंडाळला. दोन दिवस घरात भांड्यांचाच काय तो आवाज. शेवटी मध्ये पडला पंपवाला. खाण चालू असताना तो पंपावर होता, सुरुंगवाल्याचा जिवाभावाचा दोस्त. आता बंद खाणीच्या फाटकावर राखणदार होता. तो येऊन उंबऱ्यातच बसला.

“वहिनी, एक दोर सोडून बघू दे पोरीला. दोर सोडला म्हणून खाण तिच्या नावावर होत नाही. तुमचा ‘नाही’ तुमच्या पदरी शाबूत.”

“तुम्हाला त्या शाफ्टवर कुणीतरी गप्पा मारायला हवंय, एवढंच.”

“ते तर हवंच आहे. फाटकाशी बोलून बोलून फाटक कंटाळलंय.”

आई एका दोराला हो म्हणाली. एकाच.

मग शाफ्टवर काम सुरू झालं. गोटीबरोबर संस्थेतला एक चष्मेवाला आला. माणूस भला, पण प्रत्येक गोष्टीत खोट काढायला नेमल्यासारखा. खाणीचं पाणी ते. वर स्वच्छ दिसतं, तळाशी उजेड चालू देतं का? हे सिद्ध होत नाही तोवर संस्थेतले वरिष्ठ ढिम्म हलणार नाहीत, असं तो रोज एकदा म्हणायचा. पंपवाल्यानं दोर ओढायची गंजलेली विंच तेल पाजून चालती केली. बरण्या एकेक करून पाण्यात जाताना तो म्हणाला, “आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. गोटे, तुला तर माळ भरून दिलेत.”

शाफ्टच्या तोंडावर फळ्या बसवल्या, फळ्यांवर काळी ताडपत्री. गोटीनं सगळ्यांना बजावलं, आईलाही, की खाली उजेड जाता कामा नये. आईनं मान हलवली. उजेड गेला तर फोटो खराब व्हावा तसं त्या दिवसाचं काम वाया जाईल, असं ती समजली. चालू असलेला डोळा उजेडानं जळतो, हे तिला कुणी सांगितलं नाही. कुणाला सांगावंसं वाटलंही नाही.

आणि डोळ्यांना दिसायला लागलं. तारा मेला नव्हता, पण आभाळातून येणारे दुसरे दणकट कण असतात, त्यातला एखादा डोंगर भेदून पाण्यात उतरायचा आणि ठिणगी पडायची. ती तालीम होती, पण तालमीतच गोटीचे पाय जमिनीला लागेनात. त्या संध्याकाळी ती घरी आली, ताटावर बसली आणि पंपवाल्याची नक्कल करून दाखवता दाखवता हसली, मान मागं टाकून. डोकं भिंतीवर आपटलं. तशीच आणखी हसत सुटली.

आईच्या हातातली पळी तशीच राहिली. बापाचं हे हसणं पोरीनं कधी पाहिलं असेल, आणि पाहिलं असलं तरी आठवत असेल? ते रक्तातून आलं होतं. इतकी वर्षं ज्याला वर काढा म्हणून ती भांडत होती, त्यातलं जेवढं वर येण्यासारखं होतं ते आधीच वर आलेलं होतं आणि समोर बसून जेवत होतं.

तिनं ठरवलं, हो म्हणायचं. पण पोरीला सांगायच्या आधी एका माणसाला सांगणं भाग होतं. त्याला न विचारता तिनं आजवर कुठं शब्द दिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळे पंपवाल्याच्या खोलीत जेवायला बसले असताना, ती शाफ्टवर गेली. घरातला जुना दिवा बरोबर होता. बॅटरी तिनं सकाळीच भरून घेतली होती. ताडपत्रीचं टोक तिनं दुमडलं, एक फळी सरकवली. खालून गार, ओला वास आला.

“ऐकलंत का,” ती म्हणाली, “पोर म्हणते पाणी राहू दे. मी हो म्हणतेय. तुम्ही रागावू नका. आणि रागावलात तरी आता काय करणार आहात!”

मग तिनं वाकून दिवा खाली धरला आणि हात लांब करून झुलवला. सावकाश, जसा झुलवायचा तसा. मग फळी नीट बसवली, ताडपत्री ओढली आणि मन हलकं झाल्यासारखी घरी आली. गोटी आली की सांगायचं, म्हणून तिनं तिच्या आवडीचं करायला घेतलं.

गोटी आली ती दारातच उभी राहिली.

“तू शाफ्टवर गेली होतीस?”

“गेले होते. बस, सांगते.”

“दिवा घेऊन?”

“दिवा घेऊनच जातात तिथं.”

“सगळे डोळे गेले, आई. चालू डोळ्यावर उजेड पडला की तो मरतो. यंत्रात दिसतंय, उजेड एका बाजूनं दुसऱ्या बाजूला जातोय, परत येतोय, परत जातोय. बघितल्या बघितल्या कळलं मला कुणाचा हात आहे तो. या गावात असा दिवा हलवणारं दुसरं कोण आहे?”

“मला ठाऊक नव्हतं गं.”

“उजेड नको म्हणून सांगितलं होतं ना? तुझ्या तोंडावर सांगितलं होतं!” गोटीचा आवाज फाटला. “पुढच्या आठवड्यात संस्थेचे लोक बघायला येतायत. त्यांना काय दाखवू, काचेच्या रिकाम्या बरण्या? तुला नकोच होतं हे. पहिल्या दिवसापासून पाण्यात बघतेस तू माझ्या कामाला.”

“मी हो सांगायला गेले होते.”

“कुणाला?”

“त्यांना.”

गोटी कडवट हसली. “छान. सोयीचं आहे. जो बोलू शकत नाही तोच साक्षीदार.”

ती त्याच संध्याकाळी निघून गेली. मागून आलेल्या चष्मेवाल्यानं बॅगा उचलताना दिवेवालीकडं पाहिलं आणि, खोट काढायला नेमलेला तो माणूस, हळूच म्हणाला, “काकू, महागड्या यंत्रात उजेड आला की वीज आपोआप तुटायची सोय असते. स्वस्तात बसावं म्हणून आम्ही ती गाळली होती. एकट्या तुमच्यावर घेऊ नका.” दिवेवालीला त्यातलं ‘एकट्या’ एवढंच ऐकू आलं.

ती रात्र तिनं कशी काढली ते तिचं तिला ठाऊक. पोरीचा विश्वास बसत नाही ना? मग बोलून काय उपयोग, करून दाखवायला हवं. सकाळी ती कंपनीच्या कचेरीत गेली. कचेरी कसली, एक खोली आणि एक कारकून.

“पाचवं घर,” ती म्हणाली. “राहू द्या.”

कारकून खुर्चीतून उठला. इतकी वर्षं तो तिला बाकावर बसवून ठेवायचा. आज त्यानं स्वतः पाण्याचा पेला आणून दिला. तिथंच तिला शंका यायला हवी होती.

तिला वाटलं होतं, आपला ‘हो’ गोटीच्या यंत्रासाठी आहे. कंपनीच्या लेखी त्याचा अर्थ एवढाच होता, की आता शाफ्टचं तोंड उघडं ठेवायची गरज नाही. तिकडं संस्थेत वरिष्ठांनी गोटीची रचना बाजूला सारली होती. ज्या यंत्राचे डोळे एका दिव्यानं जातात ते ताऱ्यांच्या वाटेला कशाला जातंय, असं कुणीतरी म्हणालं आणि बाकीचे हसले म्हणे. गोटीनं हे घरी कळवलं नाही. आईनं कचेरीतलं गोटीला कळवलं नाही; यंत्राचं काम पुन्हा सुरू झालं की तिला आपोआप कळेल आणि ती येईल, या आशेवर राहिली. दोघी आपापल्या हट्टाला पेटलेल्या, आणि मधल्या मध्ये कंपनीनं शाफ्टचं तोंड काँक्रीटनं बुजवायचा दिवस ठरवून टाकला.

पंपवाला ते सांगायला आला तेव्हा उंबऱ्यात बसला नाही, उभाच राहिला. “तेल गेलं, तूपही गेलं, वहिनी,” तो म्हणाला. पुढचं बोलायला त्याला जमलं नाही. त्यानंच गोटीला फोन केला, की बाई, तुझा दोर तरी काढून ने.

बुजवायच्या दिवशी गोटी आली. वाळूचे ढीग पडले होते, मिक्सर घरघरत होता, मुकादम घड्याळाकडं बघत होता. आई शाफ्टच्या कठड्याला टेकून उभी होती. पंपवाल्यानं विंच फिरवायला घेतली आणि मेलेले डोळे पाणी गाळत एकेक वर यायला लागले.

“तू खरंच हो म्हणालीस,” गोटी म्हणाली.

“म्हणाले.”

“मला सांगायचंस.”

“तू ऐकलं असतंस?”

गोटीनं पाणी गाळणाऱ्या एका बरणीला हात लावला. मग म्हणाली, “आई, सगळे गेले नव्हते. मी नंतर नीट बघितलं. सगळ्यात खालचा, तळाचा, वाचलाय. तिथं उजेड इतका विरळ झाला होता की त्याला काही झालं नाही. पण तो पोचला होता. तुझा दिवा इकडून तिकडं गेला ते त्यानं बरोबर टिपलंय. पाणी तळापर्यंत स्वच्छ आहे. जे आम्ही सिद्ध करू शकत नव्हतो ते.” तिनं वाळूला पायानं टोकरलं. “मी ते घेऊन परत गेले वरिष्ठांकडं. म्हणाले, फार उशीर झाला.”

आईनं ते सगळं ऐकलं की नाही कोण जाणे. ती एकाच शब्दाशी थांबली होती.

“तळापर्यंत पोचला?”

“हो.”

“मग त्या दिवशी? तेव्हाही मी झुलवत होते. त्यांना दिसला असेल?”

विंचचा करकर आवाज थांबला. पंपवाल्यानं मान वळवली आणि गोटीकडं असं पाहिलं, की हो म्हण, बाई, काय जातं तुझं.

गोटीचे ओठ हलले, परत मिटले.

“त्या दिवशी पाणी गढूळ होतं, आई,” ती म्हणाली. “सगळी माती घेऊन आलं होतं. हातभरसुद्धा गेला नसता.”

आईनं मान हलवली. खाली पाहत राहिली.

“तुझा बाप असता तर खोटं बोलला असता.”

“मला नाही जमत.”

“ठाऊक आहे. तेवढी माझ्यावर गेलीस.”

मुकादम पुढं आला, चला, आटपा म्हणाला. दोराचं शेवटचं टोक अजून खाली होतं. पंपवाल्यानं विचारलं, “वहिनी, तळाचा तो एक डोळा राहू द्यायचा का तिथंच? त्याच्या सोबतीला?”

गोटीनं आईकडं पाहिलं. तिचीही ना नव्हती.

“नको,” दिवेवाली म्हणाली. “जिवंत आहे ना तो? जिवंत आहे ते वर काढायचं असतं. दुसऱ्या कुठल्या पाण्यात लागेल तिला.”

तिनं स्वतः विंचच्या दांड्याला हात लावला. दुसऱ्या बाजूनं गोटीनं. दोर जड होता, दोघींच्या जोरानं सावकाश आला. शेवटची बरणी पाण्याबाहेर निघाली तेव्हा तिच्यावर ऊन पडलं आणि आतली तांबूस काच लकाकली. दिवेवालीनं झटकन अंगावरची शाल काढून बरणीवर टाकली.

“आई, आता वीज नाहीये त्याला. उजेडानं काही होत नाही.”

“असू दे,” ती म्हणाली, आणि शालीची टोकं खाली नीट खोचली.

मागं मिक्सर कलंडला. पहिलं काँक्रीट पाण्यात पडल्याचा आवाज फार उशिरा वर आला. बरणी दोघींच्या मध्ये धरून त्या फाटकाकडं चालू लागल्या, आणि पंपवाला विंचवरचा रिकामा दोर उगाचच गुंडाळत राहिला.